छतातले सहा स्पीकर आणि आमचे व्याही

साहेबानं न बघता सही केली म्हणून ज्याला जेवण गेलं नाही, असा माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका आमच्या वाट्याला व्याही म्हणून आलेला आहे. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं हे मला ठाऊक आहे, पण साठी उलटलेल्या जिभेला नवं वळण लागायला वेळ लागतो.) बाकीची दुनिया साहेबानं फार बघू नये म्हणून त्याला चहा पाजते. आमचे व्याही साहेबानं नीट बघावं म्हणून पाजतात, आणि साहेब चहा पिऊन तसाच निघाला तर दिवसभर हळहळत बसतात.

ते कोल्हारचे. प्रवरेच्या काठाला थोडी शेती आणि साखर कारखान्यात उभी हयात वायरमनची नोकरी. कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. विहीणबाई सांगतात की शाल खांद्यावर पडत असताना यांचं सगळं लक्ष व्यासपीठावरच्या माइकच्या वायरीकडे होतं. त्या वायरीचा जोड कुणीतरी नुसती चिकटपट्टी गुंडाळून उघड्यावर सोडला होता. सत्काराला उत्तर द्या म्हटल्यावर हे माइकपाशी गेले आणि म्हणाले, "आधी हे बंद करा." लोकांना वाटलं, केवढी ही नम्रता. टाळ्यांचा कडकडाट झाला. यांनी खाली वाकून माइकची पिन काढली आणि ते भाषण तिथंच संपलं.

आमची पहिली भेट मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात झाली. मी राहुरीच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचो आणि आम्ही तेव्हा भाड्याच्या घरात राहत होतो. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. नवरा मुलगा लाजून फरशीकडे बघत होता, आणि त्याचे वडील मुलीच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडे टक लावून बसले होते. आमच्या हिचा जीव खालीवर व्हायला लागला. मुलगी नापसंत दिसते, असं तिनं स्वयंपाकघरातून मला खुणेनं कळवलंसुद्धा. शेवटी मी धीर करून विचारलं, "पाव्हणं, काय म्हणता?"

"मुलगी पसंत हाय," ते म्हणाले. "लाखात एक हाय. पर लगीन हुईस्तवर तिला त्या बोर्डाला हात लावू देऊ नका. त्याला अर्थिंग न्हाई."

पुढच्या रविवारी ते कापडी पिशवीत सामान घेऊन कोल्हारहून एसटीनं आले आणि दुसऱ्याच्या मालकीच्या त्या घराला अंगणात खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून अर्थिंग करून गेले. आमच्याकडे याद्या व्हायच्या आधी अर्थिंग झालं. लग्नातही तीच तऱ्हा. मंगलाष्टकं सुरू झाली आणि नवरदेवाचे वडील दिसेनात. पाच-सहा जण शोधायला धावले. ते मांडवामागं जनरेटरपाशी सापडले. लोखंडी खांबावरून दिव्यांची माळ सोडणाऱ्या मांडववाल्याला त्यांनी धरून ठेवलं होतं. "ती माळ उतरीव, मग मी येतो," असं त्यांचं चाललं होतं. शेवटच्या अक्षता त्यांनी तिथूनच, मांडवाच्या कनातीवरून आत टाकल्या. त्या आमच्या आत्याबाईंच्या अंबाड्यावर पडल्या असं म्हणतात.

आता अशा माणसाला आपण घर बांधतोय हे कळू द्यायचं नाही, एवढी अक्कल मला होती. पण मुलगी त्यांच्या घरात, त्यामुळे बातमी पायाभरणीच्या आधीच कोल्हारला पोचली. स्लॅब पडला त्या दिवशी त्यांचा फोन आला. "सर, वायरिंगला दुसऱ्या कुणाला बोलावलं तर मी तुमच्या घरचं पानी पिणार न्हाई." व्याह्यांनी असं म्हटल्यावर विषयच संपला. आमच्या हिला मात्र ते फार लागलं. मुलीचे सासरे आपल्या घरी यायचे तर पाटावर बसवून त्यांना जेवू घालायचं, अंगावर टॉवेल-टोपी घालायची. इथं ते बनियनवर घोड्यावर चढून छताला भोकं पाडत होते. रंगारी आणि वायरमन उभे राहतात तो लाकडी घोडा. "लग्नात पोरगा घोड्यावर बसला," ही म्हणाली, "आणि आता बाप." रोज दुपारी ती त्यांना पुरणपोळी, मांडे, शेवयाची खीर असं काहीतरी करून वाढायची, आणि रोज ते हात जोडून सांगायचे, "विहीणबाई, भाकरी आन् झुणका द्या. गोड खाऊन घोड्यावर झोप येती."

घर साधंच होतं, पण आमच्या पुण्याच्या चिरंजीवांनी त्यात एक भानगड घातली. आईला स्वयंपाक करताना अभंग ऐकायला आवडतात आणि कुकरच्या शिट्टीत मोबाईलचा आवाज हरवतो, म्हणून त्यानं छतात बसवायचे सहा गोल स्पीकर पाठवून दिले. दिसायला पांढरीशुभ्र जाळीची ताटंच. व्याह्यांनी कारखान्यात मोटारी बांधल्या होत्या, पॅनेल उभी केली होती, पण छतातला स्पीकर त्यांनी जन्मात बघितला नव्हता. तसं ते कबूल करणं मात्र शक्य नव्हतं. त्यांनी एक खोकं उघडलं, स्पीकर हातात फिरवला, उलटा केला, कानाशी धरून वाजवला, आणि म्हणाले, "सोपं हाय. आठ दिवस द्या." ते आठ दिवस त्यांनी त्या खोक्यातली इंग्रजी पुस्तिका सुनेकडून, म्हणजे आमच्या मुलीकडून, रोज सकाळी एक पान याप्रमाणे वाचून घेतली. मुलगी मला फोनवर सांगायची, "बाबा, पप्पा पुस्तिकेला शंका विचारतात. तिला उत्तर येत नाही, मग मलाच रागावतात."

आठव्या दिवशी ते परत आले ते स्पीकरतज्ज्ञ होऊनच. देवघरात नको, तिथं देव ऐकतोय का आपण ते कळत नाही. गॅसच्या डोक्यावर नको, वाफ जाईल. न्हाणीघरात तर नाहीच. "न्हानीत गानं माणसानं सोताच म्हणायचं," हा त्यांचा निकाल. छतात कुठंही वायरीला जोड द्यायचा नाही, आणि लाइटच्या वायरीपासून स्पीकरची वायर वीतभर तरी लांब ठेवायची, नाहीतर गाण्यात घुर्र घुर्र येते. ती वीत त्यांची स्वतःची होती आणि त्यांचा हात मोठा आहे. मग प्रत्येक स्पीकर उलटसुलट जोडला गेला नाही ना, हे बघायचा कार्यक्रम झाला. ते हॉलमध्ये वायरींच्या टोकांपाशी बसायचे, टॉर्चमधला सेल काढून वायरीला क्षणभर टेकवायचे, की दुसऱ्या खोलीत छतातून 'टक्' असा आवाज यायचा. त्या खोलीत मान वर करून मी उभा. जाळीमागचा स्पीकरचा पडदा बाहेर आला की "बाहेर" म्हणायचं, आत गेला की "आत". तीस वर्षं मी मुलांना खंड आणि महासागर शिकवले, पण एवढ्या जबाबदारीचं काम मला कुणी दिलं नव्हतं. एकदा मी चुकून "बाहेर"च्या जागी "आत" म्हणालो, तर ते उठून आले, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "सर, चष्मा पुसा."

सगळं असं पट्टीत चाललेलं असताना माझ्या हातून एक गोष्ट घडली. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या बोळात एक जाड बीम आला होता. त्याच्या खालून पंख्याच्या वायरीसाठी एकच नळी गेलेली होती. स्पीकरच्या वायरीला दुसरी वाट काढायची तर नुकतंच घोटून पांढरं केलेलं पीओपीचं छत फोडावं लागणार होतं. वास्तुशांतीला चौदा दिवस उरले होते. गुरुजी ठरले होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि घरातली धूळ तिसऱ्यांदा पुसून आमची ही पायरीवर डोळ्याला पदर लावून बसली होती. व्याह्यांनी छिन्नी हातात घेतलेली बघून मी मधे पडलो. म्हटलं, "पाव्हणं, एवढं एक ठिकाण राहू द्या. त्याच नळीतून न्या. हात-दोन हातांचा तर प्रश्न आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पायरीवर बसलेल्या आमच्या हिच्याकडे बघितलं, छिन्नी पिशवीत ठेवली, आणि दोन्ही वायरी त्या एका नळीतून ओढून घेतल्या. त्या दिवशी ते चहा न घेताच एसटीला गेले. मला वाटलं, घाई असेल.

कायमच्या मीटरसाठी तपासणी व्हायची होती. वीज कचेरीतून एक वयस्कर साहेब मोटारसायकलवर आले. व्याही इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून दारात उभे होते. घोडा हॉलच्या मधोमध मांडून, पुसून ठेवलेला होता. साहेबांनी गाडी बंदसुद्धा केली नाही. कागद पेट्रोलच्या टाकीवर ठेवून सही केली आणि म्हणाले, "तुमचं काम म्हटल्यावर काय बघायचं? मी कारखान्यापासून ओळखतो तुम्हाला."

"साहेब, एक डाव वर चढून बघा," व्याही म्हणाले.

"अहो, विश्वास आहे."

"इस्वासाचं न्हाई हो. बोळातलं तेवढं बघा."

साहेब हसले, पाठीवर थाप मारून निघून गेले. मी पेढे आणायला निघालो होतो. वळून बघतो तर व्याही घोड्याच्या खालच्या पायरीवर बसलेले, कागद मांडीवर. हिनं पान वाढलं, पण ते दोन घास खाऊन उठले.

चार दिवसांनी वीज कचेरीतून मला फोन आला. बोलणारा कारकून गोंधळलेला होता. तुमच्या घराच्या वायरिंगविरुद्ध अर्ज आलाय, म्हणाला. मी विचारलं, कुणी केला? तर म्हणे, ज्यांनी वायरिंग केलं त्यांनीच. अर्जात लिहिलं होतं, 'मी केलेल्या कामाची तपासणी झालेली नाही, तरी ती व्हावी, ही नम्र विनंती.' असा अर्ज कुठल्या फायलीला लावायचा यावर कचेरीत दोन दिवस चर्चा झाली होती.

मला राग आला. वास्तुशांती सहा दिवसांवर, मीटर मंजूर झालेला, आणि घरच्याच माणसानं ही खोडी काढून ठेवलेली. ही तर म्हणाली, "मुलगी दिली आहे, नाहीतर बोलले असते." दुसऱ्या दिवशी तपासणीला एक तरुण मॅडम आल्या. नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. पायात बूट, हातात बॅटरी. चहा नंतर घेते म्हणाल्या आणि सरळ घोड्यावर चढल्या. एकेक स्पीकर खाली घेऊन त्यांनी भोकातून आत डोकावून पाहिलं. व्याही खालून घोडा धरून उभे होते आणि मॅडम जसजशा पुढं सरकत होत्या तसतसा त्यांचा चेहरा उजळत होता. देवघराबाहेरचा स्पीकर झाला, हॉल झाला. बोळात आल्यावर मॅडम बराच वेळ वर राहिल्या. मग खाली उतरून हात झटकत म्हणाल्या, "काका, बाकी काम इतकं छान केलंय. मग इथं मेन आणि स्पीकर एकाच नळीतून कसे काय नेलेत?"

व्याह्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत घातली.

"ही वायर पातळ आहे," मॅडम सांगायला लागल्या. "उद्या उंदरानं कुरतडली तर..."

"तर दोनशे तीस व्होल्ट सगळ्या जाळ्यांवर यील," व्याही म्हणाले. "बराबर हाय. लिवा, मॅडम. लाल शाईनं लिवा."

मॅडमनी लिहिलं. ते व्याह्यांनी त्यांना मोठ्यानं वाचायला लावलं, आमच्या हिला ऐकू जाईल अशा बेतानं. मग पिशवीतून छिन्नी काढली. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात मॅडमना निरोप देऊन ते मागं वळले आणि मला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "सर, राग धरू नका. मला तुमचा सबूद मोडता आला न्हाई. विहीणबाई रडत हुत्या. सोयऱ्याची भीड धरली की काम बिघडतं. पर साहेबानं सांगितलं तर कुणाचा कुणाव राग ऱ्हात न्हाई. म्हणून अर्ज केला."

मला लाज वाटली.

त्या दुपारी बोळात पीओपीचा धुरळा उडत असताना त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली, घोड्यावर उभं राहून, छताशी बोलल्यासारखी. परवाना नवा नवा हातात आला होता तेव्हाची. पाथर्डीकडच्या एका वस्तीवर गोठ्याला लाइन घ्यायची होती. काम दुसऱ्यानं केलेलं, सही यांची पाहिजे होती. वस्ती लांब, ऊन रणरणतं. यांनी स्टँडवरच्या हॉटेलात बसून सही करून दिली. महिन्याभरानं गोठ्याच्या पत्र्यात करंट उतरला. "म्हैस गेली," ते म्हणाले. "धार काढणारी बाई चरवी घ्यायला घरात गेल्ती, म्हणून वाचली. मी भेटाया गेलो तर तिनं मलाच पानी दिलं. ती मला काय बोलली न्हाई, सर. बोलली असती तर बरं झालं असतं." मग खाली हात करून म्हणाले, "ती नळी द्या वर."

मी नळी दिली. त्या दिवसापासून मी त्यांना कुठल्याही कामात 'एवढं राहू द्या' असं म्हटलेलं नाही.

दोन दिवसांत छत पुन्हा घोटून झालं. शेवटचा हात फिरवला तेव्हा खाली धूळ पुसायला ही स्वतः बसली होती, आणि या वेळी तिनं पदर डोळ्याला लावला नाही. मॅडम येऊन परत बघून गेल्या आणि वास्तुशांती ठरल्या दिवशी झाली. पूजा आटोपल्यावर हिनं व्याह्यांच्या हातानं बटण दाबून घेतलं. सहाही स्पीकरमधून अभंग सुरू झाला आणि पाहुणे माना वर करून छतात गायक शोधायला लागले. व्याही या खोलीतून त्या खोलीत, प्रत्येक जाळीखाली थोडं थांबत फिरून आले. मी विचारलं, "कसं वाटलं गाणं?" ते म्हणाले, "घुर्र घुर्र न्हाई." गाणारी बाई होती की पुरुष, हे त्यांना आजही सांगता येणार नाही.

तेव्हापासून त्या मॅडम त्यांच्या लेखी 'आमच्या मॅडम' झाल्या. एखाद्या जुन्या वाड्या-वस्तीवरचं वायरिंग कळेना की त्या यांना फोन लावायच्या आणि हे शेतातलं पाणी तसंच सोडून बांधावर उभ्याउभ्या अर्धा तास बोलायचे. मध्यंतरी यांचे गुडघे गेले. सुनेनं घोडा, शिडी आणि स्टूल या तिन्हींवर बंदी घातली. आता ते खुर्चीत बसून खालूनच छताकडे बघतात. आमच्याकडे आले की चहा होईपर्यंत हॉलमधल्या जाळीखाली बसतात. मी गाणं लावू का विचारतो. नको म्हणतात.

परवा उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "सर, मॅडमची बदली झाली. विदर्भात कुठंतरी. भेटाया जाऊ." ते सकाळच्या एसटीनं राहुरीला आले आणि आम्ही दोघं कचेरीत गेलो. मॅडमचं टेबल आवरून झालं होतं. यांनी शर्टाच्या खिशातून आपला टेस्टर काढला. पिवळ्या मुठीचा, मूठ हातानं घासून घासून गुळगुळीत झालेली. तो टेबलावर ठेवला.

"काका, मला काही घेता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "नियम आहे."

मला वाटलं, आता हे हिरमुसतील. पण नियमाचं नाव ऐकून ते उलट खूशच झाले. थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग उसना न्या. तुमची नोकरी किती राहिली?"

"अजून अठ्ठावीस वर्षं."

"मग रिटायर झाल्याव आणून द्या. मी हितंच हाय, कोल्हारला."

मॅडमनी एक कोरा कागद ओढला आणि लिहून दिलं, की एक टेस्टर वापरायला घेतला आहे, निवृत्तीनंतर परत करीन. खाली सही केली. यांनी कागद हातात घेतला, लांब धरून वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

स्टँडवर कोल्हारची गाडी लागलेली होती. मी त्यांना हात धरून चढवलं, खिडकीशी बसवलं. गाडी सुटायला अवकाश होता. त्यांनी तो कागद परत काढला आणि पुन्हा वाचला.

"सही निस्ती वढलेली न्हाई, सर," ते म्हणाले. "अक्षर न् अक्षर लागतंय."

मी म्हटलं, "हो, लागतंय."

गाडी हलली. मी तिथंच थांबून बघत राहिलो, तर खिडकीतून त्यांचा कागद धरलेला हात बराच वेळ दिसत होता.